प्रभुभोजनाचा घोटही हिशेबात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने विचारलं आहे, की देवावर एवढाच भरवसा असेल तर ही भाविक मंडळी आजारी पडली की दवाखान्यात का धावतात? प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. मी ख्रिस्ती आहे आणि 34 वर्षं परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झाले आहे, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नसावी.

माझे पती एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. साखर आणि बीपी दोन्ही त्यांनी अंगावर काढलं. नर्सच्या घरात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. 2017 च्या पावसाळ्यात किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि डायलिसिस सुरू झालं, मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास. पैशांचं महात्मा फुले योजनेतून भागलं, नाहीतर पेन्शनीत काय होणार होतं?

डायलिसिसच्या सुया टोचायला त्यांच्या डाव्या मनगटाजवळ फिस्टुला केला होता. धमनी आणि शीर जोडतात, तिथं बोट ठेवलं की कातडीखाली मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती थांबली की समजायचं, फिस्टुला बंद पडला. रोज पहाटे मी आधी तिथं बोटं टेकवायची, थरथर लागली की प्रभूचे आभार मानायची आणि मग चहा ठेवायची. त्यांना अर्धाच कप, कारण किडन्या पाणी बाहेर टाकेनात, म्हणून दिवसभरात पिणं सगळं मिळून पाऊण लिटर. आमटी, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. उन्हाळ्यात तो माणूस बर्फाचा एक खडा तोंडात धरून दुपार काढायचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. छोट्या काचेच्या प्याल्यांतून द्राक्षरस देतात. उपासना संपली की हे खिशातली डायरी काढून लिहायचे, 'प्रभुभोजन, 15 मिली.' मी म्हटलं, अहो, निदान हे तरी सोडा. तर म्हणाले, "आपल्याला कळतं गं कशाचा प्याला आहे ते. किडनीला कुठं कळतंय?" आमच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. 2019 मध्ये एका नातेवाइकाच्या आग्रहावरून आम्ही एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेला, गेलो. बाहेरगावच्या प्रचारकाने ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून माईकवर जाहीर केलं, की हा भाऊ बरा झाला आहे, याला आता मशीन नको. ह्यांनी शुक्रवार चुकवला. मीही अडवलं नाही. इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी, पण त्या दोन दिवसांत मलाही ते खरं व्हायला हवं होतं. रविवारी रात्री त्यांना आडवं होता येईना, छातीत घरघर सुरू झाली, ओठ काळसर पडले. पहाटे तीनला रिक्षातून दवाखाना गाठला. वाचले. नंतर सभेच्या माणसांना फोन केला, तर उत्तर आलं, "ताई, तुमचा विश्वास कमी पडला."

हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकलं आहे. बायबलमध्येही ते सापडतं, पण निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांच्या तोंडी. तुझंच काहीतरी चुकलं असणार, असं ते त्या राखेत बसलेल्या माणसाला पानंच्या पानं ऐकवतात, आणि शेवटी देवाचा राग भडकतो तो त्या मित्रांवर. येशूचा प्रेषित पौल, त्याने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला म्हणायचं? हाच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो आणि लूक वैद्य त्याच्या सोबत असतो. पत्रलेखकांना एवढंच सांगते, दवाखाना आम्हाला परका नाही.

2018 मध्ये तब्येत जरा बरी असताना आम्ही केडगावला गेलो होतो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमाला. (दौंडजवळचं केडगाव, आमच्या नगरचं नव्हे. दर वेळी सांगावं लागतं.) बाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा. उरलेली एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, आणि 5 एप्रिल 1922 ला बाई स्वतः. मधल्या त्या आठ-नऊ महिन्यांतही त्यांच्या हातात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर होतं. छापखान्यात आश्रमातल्याच मुली खिळे जुळवायच्या. ह्यांना मेकॅनिक म्हणून त्या छापखान्याचंच अप्रूप. परतीच्या वाटेवर इतकंच म्हणाले, "बाईंनी मागितलेलं सगळं कुठं मिळालं?"

आमच्याकडे भरवसा म्हणजे तक्रार न करणं, असं लोकांना वाटतं. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आमच्या मंदिरात येऊन बसावं. 'एली, एली, लमा सबखथनी,' माझ्या देवा, तू मला का सोडलंस, हे शब्द क्रुसावरच्या प्रभू येशूच्याच तोंडचे आहेत, आणि तेही बायबलातल्या 22व्या स्तोत्रातून आलेले. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, दिलासा म्हणून शेवटी एक ओळ नाही. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून मी त्यांना तेच वाचून दाखवायची. 23वं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे, त्यांना पाठ होतं.

हे फेब्रुवारी 2022 मध्ये गेले. बरं होणं मागितलं होतं, ते मिळालं नाही. पुढचे दोन महिने मी मंदिरात जायची, पण तोंडातून गाणं फुटायचं नाही. शेजारच्या मावशी माझ्या वाटचंही गायच्या, अगदी बेसूर. तेवढ्यावर मी तग धरला.

एक विनंती आहे. असल्या सभांच्या जाहिराती आपल्या दैनिकातही येतात. त्या छापू नका असं मी म्हणत नाही, प्रार्थना करायला कोणी कुणाला अडवू नये. पण खाली एक ओळ घाला, औषधं आणि डायलिसिस बंद करू नये. जागा कमी पडत असेल तर प्रचारकाचा फोटो थोडा लहान करा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर
(नाव छापू नये, ही विनंती.)