वळिवड्याच्या आजींना

ती. आजी,
सा. न.

गेल्या महिन्यात आठवीची तीस पोरं घेऊन कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात भर उन्हात भटकणारी बाई आठवते ना? तीच मी. पोलंडवाल्यांचा कॅम्प कुठं होता म्हणून चार ठिकाणी विचारलं, तर सगळ्यांनी कापडाची दुकानंच दाखवली. तुम्ही ओसरीवरून हाक मारलीत, "काय हुडकतासा बाई?", म्हणून आमची फेरी फुकट गेली नाही.

1940 मध्ये स्टालिनच्या राजवटीनं पूर्व पोलंडमधली कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडं धाडली, 1942 मध्ये त्यातली काही इराणमार्गे सुटली, 1943 पासून पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, आपल्या पंचगंगेकाठी येऊन राहिली. हे मी फळ्यावर लिहिते तेव्हा मागचे बाक जांभया देतात. त्यांचा दोष नाही, मीही परीक्षेपुरतंच शिकवत आले.

तुमच्या सासूबाई कॅम्पात दूध घालायच्या म्हटल्यावर मात्र एकही पोरगं हललं नाही. कौलारू लांबलचक बराकी, तट्ट्यांच्या भिंती, शेजारच्या खोलीतलं खोकणंसुद्धा ऐकू यायचं. बोटांवर मोजून दुधाचा हिशेब करणाऱ्या, "लई म्हाग" एवढं मराठी आधी शिकलेल्या गोऱ्या बायका (तुम्ही नक्कल झकास करता हं!). आणि जेवण झाल्यावर फडक्यावरचा पावाचा चुरा बोटानं टिपून तळहातावर घेणारी ती म्हातारी. कणही सोडायची नाही म्हणालात.

आमच्या एकानं विचारलं, "पण इथं पोटभर मिळत होतं ना?" तुम्ही हसलात. "सासूबाईंनीबी त्येच इचारलं हुतं."

"मग?"

"मग काय, भाषाच कळंना!"

1948 पर्यंत ती माणसं गेली आणि त्याच बराकींत फाळणीनं उठवलेली सिंधी कुटुंबं आली, हेही तुम्हीच जोडून सांगितलंत. माझ्या टिपणात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पानांवर होत्या.

पोरांनी हस्तलिखित काढलंय. मुखपृष्ठावर रणगाडा नाही, एक तळहात आहे. चुरा जरा लाडवाएवढा मोठा झालाय, सांभाळून घ्या.

तुम्ही त्यांच्यासाठी दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा माझ्याकडेच राहिला. रविवारी अंकासोबत आणते. रिकामा आणणार नाही.

तुमची,
आठवीच्या पोरांची बाई