परसातल्या देवकापसाचं सूत

आचरा,
आषाढ

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबूच्या हाती एक पिशवी दिली आहे. वर कुंची, टोपडं आणि पायमोजे आहेत. आई, ते बाळंतविड्यात ठेव. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुताची एक गुंडी आहे, ती बाबांसाठी. न धुतलेली, न उकळलेली, टकळीवरून उतरली तशी. बाबा, टॉवेल घेताना तुम्ही कडेचा एक धागा ओढता, उलटा पिळता आणि उजेडात धरून बघता, तसंच हे सूत बघा. जे दिसेल ते सांगा. माझं मन राखायला 'छान आहे' म्हणू नका.

कापूस सगळा आमच्या परसातला. विहिरीपलीकडे सासूबाईंनी लावलेला देवकापूस आहे ना, त्याचा. कोकणात शेतात कपाशी होत नाही, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे ती तग कशी धरणार? पण देवकापूस झाड होऊन राहतो. चार महिने पाऊस अंगावर घेतो आणि माघ-फाल्गुनात बोंडं उलतात. आजवर त्यातून घरच्या फुलवाती व्हायच्या, चतुर्थीला गणपतीची वस्त्रं व्हायची, उरलेला एका डब्यात जायचा. त्या डब्यातल्या कापसाचं सूत काढायला मला लावलं ते अण्णांनी. त्यांच्या लहानपणी शाळेत सूतकताईचा तास असायचा, मास्तर टकळी फिरवायला शिकवायचे. इतक्या वर्षांनी त्यांनी टकळी हातात घेतली आणि बोटांना सगळं आठवलं. पितळेची चकती, वर बारीक आकडा असलेली लोखंडी तार. खाली टेकायला नारळाची करवंटी. बस, एवढंच.

पण आधी किती काम असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं कापूस घेतला की सूत झालं. पाटावर कापूस ठेवून वरून लोखंडी सळई लाटायची, की सरकी मागे उडते आणि तंतू पुढे जातात. मग छोट्या धनुकलीच्या तातीवर कापूस पिंजायचा. तो फुलून वर येतो तेव्हा पडवीत वारा नको, मांजर नको आणि कोणी पंखा लावू नये. नंतर बोरूएवढ्या काडीभोवती हलक्या हाताने गुंडाळून पेळू करायचे. पेळू घट्ट झाला तर तंतू निसटत नाहीत, सैल झाला तर एकदम भसकन सुटतात. कातणारी कितीही हुशार असली तरी पेळू वाईट असेल तर सूत वाईटच निघतं. अण्णा म्हणतात, निम्मं सूत पेळूतच असतं. मला वाटतं निम्म्याहून जास्त असतं.

चैत्रात शाळेची मुलं सावरीचा कापूस गोळा करून माझ्याकडे घेऊन आली होती. दिसायला तो आपल्या कापसाहून सुंदर, रेशमासारखा चमकणारा. पण सावरीचं सूत होत नाही. कापसाचा तंतू बोंडात वाळताना स्वतःच मुरडतो, त्याला जागोजागी नैसर्गिक पीळ असतो, म्हणून एक तंतू दुसऱ्याला धरून ठेवतो. सावरीचा तंतू सरळ, गुळगुळीत आणि ठिसूळ. शेजारच्याला तो धरतच नाही. म्हणून सावर उशीत जाते. मुलांना मी दोन्ही तंतू पाण्याच्या थेंबाशी नेऊन दाखवले, तर आणखी गंमत. सावर तर पाणी घेतच नाही, पण आपला कच्चा कापूसही तरंगत राहतो, कारण त्याच्या अंगावर मेण असतं. सूत सोडा घालून उकळलं की ते सुटतं आणि पाणी चहासारखं तांबूस होतं. आई, तुला ते पाणी दाखवायचं आहे. पांढऱ्याशुभ्र सुतातून एवढा रंग निघतो ह्यावर तुझा विश्वास बसणार नाही.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे.

टकळीला चिमटीने गिरकी देऊन डावा हात वर न्यायला लागले, की पीळ धाग्यातून धावताना दिसतो. तो आधी बारीक जागी जातो. जाड जागा तशीच कच्ची राहते, आणि ताण आला की जाड-बारीक जिथे भेटतात तिथे धागा सुटतो. मग तुटलेलं टोक थोडं उसकटायचं, पेळूतले चार तंतू त्यावर टेकवायचे आणि पिळाला परत वाट द्यायची. गाठ मारायची नाही. सांधायचं. हे अण्णा मला समजावत होते तेव्हा मला लालबागच्या खोलीतले तुमचे हात आठवले. तर्जनी आणि अंगठा तुम्ही नुसते बसलेले असतानाही एकमेकांवर घासायचात. आई रागवायची, 'हात स्वस्थ ठेवा की जरा.' ती तुमची सवय नव्हती, ते तुमचं काम होतं. सूत कातायच्या रिंग खात्यात चालत्या मशीनवर, बाबीण फिरत असताना, तुटलेला धागा त्या दोन बोटांनी सांधायचा. मी बसून एका टकळीवर सांधते आणि मान भरून येते. तुम्ही पाळीभर उभे राहून, शेकडो चात्यांच्या रांगेपुढे फेऱ्या मारत सांधत होतात, कानात तो आवाज आणि नाकातोंडात कापसाची धूळ.

गिरणीबद्दल तुम्ही घरात कधी बोलला नाहीत. आजोबांच्या शब्दावर बदली कामगार म्हणून लागलात, सकाळी दारावर उभं राहून नंबर लागायची वाट बघायचात, हे मला काकांकडून कळलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आईशी तुमचं लग्नही झालं नव्हतं. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कोणी रीतसर मागेही घेतला नाही. त्यातले किती जण आमच्या ह्या मालवण, देवगड, कणकवलीकडचे होते ते इथे राहायला आल्यावर कळतं. वाडीवाडीत एक तरी म्हातारा सापडतो, जो सुताला हात लावतो आणि नंबर सांगतो. तुम्हीही मला लहानपणी सांगितलं होतं, एका पौंडात ८४० वारांच्या जेवढ्या लड्या बसतात तेवढा सुताचा नंबर, वीस नंबर जाड, चाळीस बारीक. तेव्हा मला ते पाढ्यासारखं वाटलं. आता गुंडी हातात घेऊन वजनाच्या काट्यासमोर उभी राहते तेव्हा तोच हिशेब करते. माझं सूत कितीचं आहे हे मला माहीत आहे, पण ते तुमच्या बोटांनी सांगावं असं वाटतं. म्हणून चिठ्ठी घातलेली नाही.

तुम्ही रात्रपाळीच्या वॉचमनकीत आयुष्य काढलंत आणि आम्हा दोघांना शिकवलंत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहेच. पण तुमच्या हातात जे होतं ते कोणी विचारलं नाही, घरातल्यांनीसुद्धा, हे मला फार लागतं.

आई, आता तुझी पाळी. तुझ्याकडून शिकलेलं सुलट-उलट इथे सगळं उपयोगी पडलं, पण हाताने कातलेल्या सुताचं विणकाम दुकानच्या लोकरीसारखं वागत नाही. एकेरी सुतात पीळ शिल्लक असतो. नुसते एका बाजूने सुलट, परतताना उलट असे टाके घेत गेलं की विण तिरकी कलते, चौकोन घातला तर तिरपा होतो. दोन्हीकडून सुलट घातलं तर कलत नाही, पण मग नक्षी मिळत नाही. खरा उपाय म्हणजे दोन सुतं एकत्र घेऊन कातलं त्याच्या उलट दिशेने पिळायची. दोन पीळ एकमेकांना शांत करतात आणि सूत सरळ लोंबतं. म्हणजे तेवढ्याच विणीला दुप्पट कातायचं! माघापासून ज्येष्ठापर्यंतचा वेळ त्या एवढ्याशा कुंचीत गेला आहे, म्हणून ती नीट धुवा: गार पाण्यात, न पिळता, आणि टॉवेलवर पसरून वाळवा. दोरीवर टाकली तर लांबेल. सुताला लोकरीची लवचीक ओढ नसते, ताणलेलं ते परत आखडत नाही. म्हणून कपाळाजवळची पट्टी मी १२ नंबरच्या सुयांवर घट्ट घातली आहे, बाकी १० वर. सुयांचंही सुतासारखंच आहे, नंबर वाढला की बारीक.

सध्या काम जवळजवळ बंद आहे. भूगोलाच्या तासाला शिकवायचे की मुंबईची दमट हवा सुताला मानवते म्हणून तिथे गिरण्या वाढल्या. खरं आहे, कोरड्या हवेत तंतू उडतात, तुटतात. पण इथल्या आषाढाला दमट म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणणं. पेळू चिकट होऊन बसतात, ओढले की गुठळ्या सुटतात. अण्णांच्या माळ्यावरून आम्ही पेटीचरखा खाली काढला होता. १९३० च्या सुमारास गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना ज्याच्यावर मेहनत घेत होते तो घडीचा चरखा, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. उन्हाळ्यात तो सुरेख चालला. पाऊस लागताच चाक फिरवणारी सुताची माळ ओल धरून आखडली, लाकूड फुगलं, चाक जड झालं. माळ सैल करावी तर उघडीप मिळाल्या दिवशी ती घसरते. सुयांवर गंज आला, तो सुताला तांबडे डाग पाडतो, ते जात नाहीत. तू दिलेली जुनी लोकर काढून बघितली तर कसर लागलेली. फार वाईट वाटलं, त्यात बाबूच्या पहिल्या स्वेटरचा उरलेला गुंडा होता. उरलेल्या लोकरीला ऊन दाखवून कडुलिंबाच्या पाल्यासह बंद डब्यात भरली आहे. पिंजलेला कापूस आता चुलीवरच्या उतरंडीजवळ टांगते, तिथेच तेवढी ऊब असते.

शेजारच्या काकी विचारतात, बाजारात एवढी लोकर मिळते, मग हा खटाटोप कशाला? बाजारात मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक. आमच्या ह्या हवेत ती अंगाला चिकटते, बाळाच्या मानेवर घामोळं उठवते. लोकर असावी तर घाटावरच्या मेंढीची, घोंगडीसारखी. चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीची खोळ करून माणसं पावसात दिवसभर भात लावायची, ओली झाली तरी ती ऊब धरायची. पण तान्ह्या बाळाला सूतच हवं. मी काकींना एवढंच सांगितलं आणि त्यांच्या हातात एक पेळू दिला. आता त्या रोज दुपारी येतात. त्यांचं सूत माझ्याहून एकसारखं येतं, मी तासन् तास बघत बसते.

आई, तुझे डोळे आणि बोटांचे सांधे दुखतात हे माहीत आहे. जाड सुयांवर, दुहेरी पांढऱ्या सुतात, काळोख्या खोलीत न बसता सकाळी खळ्यात बसून घातलंस तर जमेल तुला. टाका सुटला तर मी उचलून देईन. उसवायचं झालं तर सूत वाया जात नाही, पुन्हा ओलं करून ताणलं की वळ्या जातात.

श्रावणात पाऊस उघडझाप करायला लागतो, तेव्हा या. चतुर्थीपर्यंत राहा. बाबांना मी सांधायला बसवणार आहे, माझ्यासमोर, आणि गिरणीत काय काय कसं चालायचं ते सगळं विचारणार आहे. शाळेतल्या मुलांनाही ऐकायचं आहे, मी त्यांना कबूल केलं आहे. कोकणकन्येचं आरक्षण बाबूला लगेच करायला सांगा, चाकरमान्यांची गर्दी सुरू झाली की मिळत नाही. कणकवलीला उतरा, आम्ही गाडी घेऊन येतो. येताना आईच्या कपाटातल्या १२ नंबरच्या सुया, मोतीबिंदूचे कागद आणि बाबांची दम्याची औषधं विसरू नका. पिंजायचं काम बाबा असतील तेव्हा मी परसात, लांब करीन.

तुमची,
बाय