वाड्यात अन्नछत्र काढायचे तर आधी माळवद बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावठाणातल्या बंद वाड्यांत चर्चने किंवा मिशनने गरिबांसाठी अन्नछत्र, रात्रनिवारा चालवावा, ही सूचना चांगलीच आहे. सोलापूरला मिशनचे काम नवे नाही, अमेरिकन मराठी मिशन इथे १८६० च्या दशकापासून आहे. पण वाडा म्हणजे शाळेचा हॉल नव्हे.

माळवदाची, म्हणजे वाड्याच्या सपाट मातीच्या छताची, फूटभर माती पावसात भिजली की चौरस मीटरला पाचशे किलोच्या पुढे जाते. गळती लागली की लोक त्याच मातीवर चार इंच काँक्रीट ओततात. म्हणजे आणखी दोन-अडीचशे किलो, शिवाय आत अडकलेली ओल! तुळई मध्ये क्वचितच मोडते, भिंतीत शिरलेले टोक आधी कुजते. तिथे हातोडी मारून बघावी. बद्द आवाज आला तर स्क्रू-ड्रायव्हर टोचावा. बोटभर आत गेला तर आधी टेकू, मग पंगत. मातीचे थरावर थर चढले असतील तर जादा माती उतरवूनच नवी पांढरी माती घालावी. दर वैशाखात वरचे गवत उपटून पन्हाळी मोकळ्या कराव्यात.

दुसरी चूक स्वयंपाकाची. चुलीचा धूर सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, वर जातो, सिलिंडरमधून गळलेला गॅस जात नाही. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून शंभर पानांची शेगडी माजघरात नको, परसदारी हवी, उंबऱ्याच्या पातळीला झरोका पाडून. बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या बंदिस्त कोठीत, सिलिंडर ठेवणे तर आगीला आमंत्रण. भांडी घासण्याचे पाणीही मातीच्या भिंतीपासून लांब काढावे.

आणि पैसा. लंडनच्या सोहोतले हाउस ऑफ सेंट बार्नबस हे ख्रिस्ती सेवाकार्य १८४६ चे, १८६२ पासून अठराव्या शतकातल्या एका देखण्या घरात. बाहेरच्या कठड्यातल्या नळीत टाकलेले दानाचे नाणे थेट तळघरात पडे. पुढे बेघरांच्या रोजगार-प्रशिक्षणाला पैसा मिळावा म्हणून २०१३ मध्ये तिथे सभासदांचा क्लब काढला, तोही जानेवारी २०२४ मध्ये पैशाअभावी बंद झाला.

आपल्याकडेही ताटाला देणगी मिळते, तुळईला कोणी देत नाही. तेव्हा पावतीपुस्तके पहिल्या दिवसापासून दोन ठेवावीत आणि माळवदाच्या खात्यातून तांदूळ आणू नये.

— एक वाचक, सोलापूर