आबांच्या हद्दी, आईच्या वाटा

तीर्थरूप आई आणि आबा यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आबांनी विचारलं, "नकाशे काढायला तुला सांगितलंय कुणी?" आणि मागून आईचा आवाज आला, "पैसे देतात का ते विचारा आधी." रेंज जात-येत होती, त्यामुळे दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र. सोबत कागदांची गुंडाळी पाठवतेय, तिचं काय करायचं ते खाली लिहिलंय.

सांगितलं कुणी नाही आणि पैसेही मिळत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा सगळ्या जगाचा एक नकाशा इंटरनेटवर आहे. स्टीव्ह कोस्ट नावाच्या इंग्रज तरुणाने 2004 साली तो सुरू केला. तिकडे सरकारी नकाशे उत्तम होते, पण महाग, आणि वापरायचे तर शंभर अटी. मग लोकांनीच आपापल्या गल्ल्या फिरून, मोजून नकाशा का करू नये, असं त्याला वाटलं. आज या नकाशावर नोंदणी केलेले लोक एक कोटीच्या वर आहेत. प्रत्यक्ष हात चालवणारे त्यातले थोडे, हे आलंच. ग्रामसभेचं काय वेगळं असतं? पण तो कुणालाही फुकट वापरता येतो, उतरवून घेता येतो, छापता येतो. फक्त कुठून घेतला ते लिहायचं.

आबा, तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: उद्या कुणी खोटी वाट काढली तर? तर तुमच्या फेरफार रजिस्टरसारखंच आहे. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते, जुनी नोंद पुसली जात नाही, आणि चूक दिसली की दुसरा माणूस ती फिरवतो. फरक एवढाच की इथे नोंद मंजूर व्हायची वाट बघावी लागत नाही. दुरुस्ती मागून होते. तुम्हाला हे पटणार नाही, मलाही सुरुवातीला पटलं नव्हतं. पण रोज डोळ्यांखालून घालणारी माणसं पुरेशी असली की बऱ्यापैकी चालतं. जिथे माणसं कमी, तिथे चुका वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात, हेही खरं.

याचा उपयोग काय, तर 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स ही त्यांची राजधानी, आणि या नकाशावर तिथे जेमतेम काही मोठे रस्ते होते. उपग्रहाची ताजी चित्रं खुली झाली आणि जगभरातले शेकडो लोक घरी बसून त्यावरून रस्ते, गल्ल्या, कोसळलेल्या इमारती, तंबूंच्या वस्त्या काढत बसले. काही दिवसांत शहराचा नकाशा उभा राहिला आणि मदतीला गेलेल्या पथकांनी तो आपल्या यंत्रांत भरून वापरला.

मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती 2014 ची गिनीतली गोष्ट. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ सुरू झाली. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेच्या लोकांना तिथल्या गेकेदू भागाचा नकाशा हवा होता. रोगी कुठून आला, कुणाला भेटला, हे शोधायचं तर त्याचं गाव सापडायला हवं ना? रोगी गावाचं नाव सांगतो आणि नकाशात ते नावच नाही! तेव्हाही स्वयंसेवकांनी चित्रांवरून घरं, रस्ते काढून दिले. पण लंडनमधल्या माणसाला छप्पर दिसतं, छपराखालच्या वस्तीला काय म्हणतात ते कसं दिसणार? नावं तिथल्या माणसांकडूनच घ्यावी लागतात. त्याच वर्षी काही मदतसंस्थांनी मिळून 'मिसिंग मॅप्स' हे काम सुरू केलं: संकट यायच्या आधीच, नकाशात नसलेल्या वस्त्या नकाशात आणायचं. नेपाळात काठमांडू लिव्हिंग लॅब्जच्या तरुणांनी काठमांडूतल्या शाळा, दवाखाने आधीच फिरून नोंदवले होते. 25 एप्रिल 2015 ला भूकंप झाला तेव्हा ती तयारी हाताशी होती.

आपल्याकडे मला हे सांगायची गरज नाही. 2014 च्या जुलैत माळीण दरडीखाली गाडलं गेलं ते आधी कळलं एका एसटी चालकाला. रोजच्या फेरीला गेला तर गाव जागेवर नाही. आपल्याच पाटण तालुक्यात जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथेही दरडी कोसळल्या. 2023 ला इर्शाळवाडीत तर गाडी जायला रस्ताच नव्हता, पथकं रात्री पावसात डोंगर चढून गेली. दरड नकाशाने थांबत नाही. पण वर किती उंबरे आहेत, चढायला कोणती वाट आहे आणि ती वाट बंद झाली तर दुसरी कोणती, हे रात्री दोन वाजता कुणाला तरी फोन करून विचारण्याऐवजी आधी लिहिलेलं असलेलं बरं. दरड तर सोडाच, रुग्णवाहिका फाट्यावर उभी आणि पेशंटचा भाऊ बॅटरी घेऊन खाली पळतोय, हे तुम्ही दोघांनी किती वेळा बघितलंय.

मी शनिवार-रविवारी आपला भाग काढायला घेतला. डांबरी रस्ता, शाळा, पाण्याची टाकी, देऊळ, सगळं चित्रावरून निघालं. वरच्या वाड्यांची छपरंही दिसली. पण छपरं एकमेकांना आणि खालच्या गावाला कुठून जोडली आहेत ते दिसेना, कारण वाटा झाडीखाली. आणि अर्ध्या ओढ्यांना, टेकांना, माळांना नाव काय द्यायचं तेही कळेना.

आबा, पहिल्यांदा मला तुम्हीच आठवलात. जन्मभर 33 फुटी साखळी आणि शंकू घेऊन तुम्ही शिवारं मोजलीत, सोळा आण्यांपर्यंत हिशेब ठेवलात. पण राग मानू नका, तुमचा नकाशा हद्दीचा. कुणाचं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, ते त्यात चोख. माणूस कुठून कुठे जातो, हे त्यात फारसं नाही. ते आईला माहीत आहे. अंगणवाडीची रजिस्टरं पिशवीत घालून, कधी पोषण आहाराचं पोतं डोक्यावर घेतलेल्या बाईला सोबत घेऊन, ती प्रत्येक वाडीवर गेली. ओढा भरला की खालची वाट सोडून वरच्या खिंडीतून जायचं, कोणता झरा चैत्रातही आटत नाही, कुठला साकव मोडलाय, पोटुशी बाई डोलीतून कोणत्या उतारावरून आणतात, हे तिच्या पायांना पाठ आहे. आई, "मला काय कळतंय नकाशातलं," असं तू म्हणशील. हे सगळं नकाशात लिहिता येतं. पायवाट की ट्रॅक्टर जाईल अशी, पाण्यातून जायचं की साकवावरून, झरा बारमाही की आटणारा, प्रत्येकाला जागा आहे. भरायला माणूस नाही.

परवानगीचं सांगते, नाहीतर आबांना झोप लागायची नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नियम बदलले. आपल्या देशातल्या माणसाला असे नकाशे करायला आता आधी परवानगी लागत नाही, संवेदनशील ठिकाणांची बंधनं पाळायची. धरणाच्या आतलं वगैरे आपण काही काढणार नाही. आणि एक गोष्ट मात्र कडक: कपाटातले फाळणी नकाशे किंवा गाव नकाशा बघून उतरवायचं नाही, गुगलच्या नकाशावरूनही नाही. स्वतः पाहिलेलं, चाललेलं, तेवढंच. गट नंबर नको, बांध नको, कुणाच्या मालकीचं काय ते तर अजिबात नको. म्हणजे तुम्हाला साक्षीला बोलावणारं कुणी येणार नाही. कुणाच्या घरावर त्याचं नावही लिहायचं नाही.

मोठ्या कंपन्याही हा नकाशा वापरतात, मेटा, ॲपल, ॲमेझॉन. "म्हणजे आपण त्यांची बिगारी करायची?" हे मीही स्वतःला विचारलं. त्यांचे पगारी लोक त्यात भरही घालतात, पण ते ग्राहक असतील तिथे. आपल्या वाडीवर कुणी पार्सल मागवत नाही, तिथे त्यांचा माणूस कधी फिरकणार? आपण नाही काढली तर ती कोरीच राहील. त्यांनी फायदा घेतला तर घेऊ दे, तेवढ्यासाठी कोरं ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आता गुंडाळी. चार मोठे कागद आहेत, आपल्या खोऱ्याचं वरून घेतलेलं चित्र, फिकट छापलेलं, म्हणजे त्यावर लिहिता येईल. उत्तर वरच्या बाजूला आहे, आबांना सांगायला नको. आईने वाटा सांगायच्या, आबांनी काढायच्या. साध्या पेन्सिलीने, कारण तुमच्या दोघांचं ओढ्यावरून एकमत व्हायला वेळ लागेल. एकाच जागेला वरच्या वाडीत एक नाव आणि खालच्या गावात दुसरं असेल तर दोन्ही लिहा, भांडू नका. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. धनगरवाड्याकडची वाट आईला माहीत असली तरी तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पक्की करू नका, ती त्यांची वाट आहे. आणि आई, गुडघे सांभाळ. यासाठी डोंगर चढायचा नाही. बाजाराच्या दिवशी वरची माणसं खाली येतातच, तेव्हा चहाला बोलाव आणि कागद पुढे कर.

मी दिवाळीला येते तेव्हा सगळं संगणकावर चढवू. आईच्या फोनवर ऑरगॅनिक मॅप्स हे याच नकाशावर चालणारं ॲप टाकून देईन. एकदा नकाशा उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतो. तोवर नव्या आशाताईंना आणि पोलीस पाटलांना कागद दाखवून ठेवा, त्यांनी काही सांगितलं तर वेगळ्या रंगाने लिहा.

बाकी सर्व कुशल. आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, आठवड्याच्या आत आणून घ्या.

तुमची,
धाकटी

ता. क. शाळेमागच्या विहिरीला कठडा आहे का, ते बघून कळवा. चित्रात नुसता काळा गोल दिसतोय.