खोडकर पोराला शेवटच्या पानावर शहाणं करू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने लिहिलं आहे की शाळेतल्या खोडकर पोरांची पुस्तकं वाचून मुलं बिघडतात, तेव्हा अशा प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्या पोराला पश्चात्ताप झालेला दाखवावा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते. शिक्षण बारावी. खिचडी वाढून झाली की पोरं वाचन कोपऱ्यातल्या दोरीवरची पुस्तकं घेऊन ओट्यावर येतात. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, मीही ताटं लावता लावता ऐकते. कोणत्या ओळीला पोरं खिदळतात आणि कोणत्या ओळीला उठून बोरिंगवर पाणी प्यायला जातात, हे मला रोज दिसतं. लेखकांना ते कुठून दिसणार? पश्चात्ताप आला की पोरं बोरिंगवर जातात.

त्याचं कारण पोरं वाईट आहेत असं नाही. खोडीची गोष्ट कोण सांगतो यावर तिचं निम्मं हसू असतं. "राजू फार खोडकर होता. एकदा त्याने वर्गात बकरी आणली. सर्व मुले हसू लागली." असं छापलेलं वाचलं की पुस्तकातली मुलं हसतात आणि ओट्यावरची गप्प बसतात. आमच्या चौथीतल्या एकाने तसाच प्रसंग सांगितला तो असा: "म्या काई नाई केलं जी. बकरी आपल्या मनानं आली. सरनं हजेरी घेतली, ते बोलली नाई, म्हून म्या तिच्याकडून हजर म्हटलं." यात तो हसत नाही, उलट त्याच्यावर अन्याय झाला आहे. सांगणारा जितका गंभीर, तितका ऐकणारा लोळतो. हे त्या पोराला कोणी शिकवलं नाही. मोठे लेखक मात्र मधे तोंड घालून "किती ही मस्ती!" म्हणतात आणि सगळा रस जातो.

याच्या उलटही करता येतं, म्हणजे ज्याला त्रास झाला त्यालाच बोलू द्यायचं. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी आपल्या लहानपणावर लिहिलेलं 'तोत्तोचान' आमच्या शाळेत आहे. त्यात पहिल्या शाळेतली बाई तोत्तोच्या आईला बोलावून तक्रारी सांगते. पोरगी डेस्कचं झाकण सारखं उघडते नि मिटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. बाई अगदी रडकुंडीला आलेली. ती जितकं कळकळून सांगते तितकी आपल्याला पोरगी आवडत जाते. त्या पोरीला शाळेतून काढून टाकतात, पण आई तिला ते सांगतच नाही. ती वीस वर्षांची झाल्यावर सांगते. आता सांगा, पश्चात्ताप तिने कधी करायचा होता?

दुसरी गोष्ट बेताची. खोडी साधायची असेल तर बेत आधी वाचणाऱ्याला सांगू नये, आणि सांगितला तर तो फसलाच पाहिजे. पानभर ठरवायचं की बेडूक डब्यात ठेवू, सर डबा उघडतील, बेडूक उडी मारेल, आणि पुढच्या पानावर अगदी तसंच व्हायचं, यात काय मजा? बेडूक ठेवला सरांच्या डब्यात, आणि त्याच दिवशी सरांचा उपास, डबा दिला खोडी करणाऱ्यालाच, असं झालं की पोरं पुढचं पान उलटायला भांडतात. यात पोराची फजिती होते. पण ती त्याच्याच खोडीतून होते, मुख्याध्यापकांच्या भाषणातून नाही. फजिती पोरांना हवीच असते. शिक्षेचा धडा नको असतो.

पत्रलेखकांनी जुन्या चांगल्या पुस्तकांचा दाखला दिला आहे, म्हणून एक जुनं सांगते. विल्हेल्म बुश या जर्मन माणसाने 1865 मध्ये माक्स आणि मोरित्स या दोन कारट्यांच्या सात खोड्या कवितेत आणि चित्रांत मांडल्या. आमच्या सरांनी मोबाइलवर ती चित्रं दाखवून गोष्ट मराठीत सांगितली. एका खोडीत ते मास्तरच्या तंबाखूच्या पाइपात बंदुकीची दारू भरून ठेवतात. शेवटी एक शेतकरी दोघांना पोत्यात घालून चक्कीवर नेतो, चक्कीवाला त्यांना दळतो, आणि त्यांचे झालेले दाणे बदकं खाऊन टाकतात. शिक्षा म्हणाल तर याहून मोठी कोणती? पण पश्चात्ताप कोणालाच होत नाही, आणि गावात कोणी रडतही नाही. शिक्षाही खोडीइतकीच अचाट, म्हणून ती खपते. मला वाटलं पहिलीतली लेकरं भितील. त्यातल्या एकीने विचारलं, "मंग ते बदकं खोड्या करू लागले काय?"

मात्र खोडी कोणावर, हे बघावं लागतं, आणि इथे मी पत्रलेखकांच्या बाजूने थोडी आहे. बोबडं बोलणारा, जाडा, 'ढ', शिपाई यांच्यावर बेतलेल्या गोष्टी मी दोरीवरून काढून ठेवायला सांगते. (मला भेटलेली पुस्तकातली खिचडीवालीही नेहमी जाडी आणि ओरडणारीच असते.) आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे झाले की झडत्या म्हणतात, म्हणजे चिमटे काढणारी कवनं, आणि प्रत्येकीच्या शेवटी सगळे हर हर महादेव म्हणतात. त्यातला चिमटा पाटलाला, सावकाराला, निवडून आलेल्याला बसतो. सालगड्याची टिंगल करणाऱ्या झडतीला कोण हर हर महादेव म्हणेल? पोरं हे बघत मोठी होतात. त्यांना वर मारलेला दगड बरोबर कळतो.

आणि खोडकर पोरांची मराठी पुस्तकं बहुतेक शहरात घडतात. फास्टर फेणेच्या 'ट्टॉक'ने आमची पोरंही जिभा झिजवतात, पण तोही फुरसुंगीहून पुण्याला शिकायला गेलेला. पुस्तकात शाळा जूनच्या मध्यावर भर पावसात, नव्या छत्रीसकट उघडते. विदर्भात ती महिनाअखेरीला उघडते, आणि कधी कधी तेव्हाही पत्रे तापलेलेच असतात. एवढाच फरक असता तर चाललं असतं. पण गावात खोडीचं यंत्रच वेगळं असतं. शहरातला मुलगा 'आजी वारली' असा रजेचा अर्ज देतो आणि चार पानं मजेत जातात. इथे सरांना सगळ्यांच्या आज्या ओळखू येतात, एक तर शाळेच्या गेटपाशीच बोरं विकते. म्हणजे थाप टिकवायची तर आधी आजीला फितवावं लागतं. आजी फितली की बोरं घेणारी पोरं फितवावी लागतात, मग किराणावाला, मग एसटीचा कंडक्टर. एका सुट्टीसाठी अर्धं गाव कटात, आणि प्रत्येकाला त्यातून आपलं काही साधायचं असतं. कोणीतरी आजीच्या तेरवीचं जेवण मागणारच. अशी गोष्ट शहरातल्या शाळेत घडूच शकत नाही, आणि ती लिहायला कोणी येत नाही. कापूस वेचायला पोरं शाळा बुडवतात, सोयाबीन सवंगायला बुडवतात, त्यावर अहवाल निघतात. वेचणीला जायचं टाळण्यासाठी ताप आणून शाळेत येऊन बसणाऱ्या पोराची गोष्ट मात्र मला अजून कुठे मिळाली नाही. तो पोरगा आमच्याकडे आहे.

तेव्हा विनंती अशी. आपण बालदिनाच्या पुरवणीसाठी गोष्टी मागवल्या आहेत. चौथीच्या पोरांनी मिळून आजीच्या तेरवीची गोष्ट लिहिली आहे, वहीची सहा पानं. सर पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठवतील. शुद्धलेखन सुधारा, 'काहून' आणि 'जी' राहू द्या. आणि जागा कमी पडली तर मधलं कापा. शेवटी आजी स्वतःच्या तेरवीला जेवायला बसते, तिथे ते संपतं. त्याच्यापुढे एक ओळही जोडू नका.

आपली,
पोषण आहार शिजवणारी एक मावशी
(नाव प्रसिद्ध करू नये)
ता. राळेगाव, जि. यवतमाळ