‘परभू’ म्हणणाऱ्या माणसाची नक्कल

अभ्या,

सलाम. फोनवरच बोलणार होतो पण फोनवर तू नुसतं "हां पप्पा, हां पप्पा" करतोस आणि मागनं तुला कुणीतरी हाका मारत असतंय, म्हणून म्हणलं टाइपच करावं. लांबणार आहे, मेसमधनं जेवून आलास की निवांत वाच, लेक्चरमधे बसून नको.

तुझं ते रील बघितलं. तू मला पाठवलं नव्हतंसच, चर्चच्या तरुण संघाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं आणि तिथनं ते मंडळीतल्या निम्म्या घरांत फिरलं. नक्कल लई भारी केलीस, खोटं कशाला बोलू. डोळे मिटून मान डोलवणं, "परभू येसू" म्हणताना आवाज वर चढवणं, मधेच टॉवेलनं मान पुसणं, सगळं हुबेहूब. तू नाव घेतलं नाहीस पण गडहिंग्लजकडच्या त्या म्हाताऱ्या प्रचारकांना ज्यानं एकदा ऐकलंय तो लगेच ओळखणार. आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग, त्यात आपलीच पोरं जास्त.

तू म्हणणार, पप्पा गंमत होती ओ, एवढं काय त्यात. बायबलात नीतिसूत्रांच्या २६ व्या अध्यायात अगदी हेच वाक्य आहे, १८ आणि १९ वचन काढून बघ. एक माणूस शेजाऱ्याला फसवतो आणि वर म्हणतो, मी काय, थट्टा करत होतो. त्याला कुणाच्या शेजारी बसवलंय तर पेटती कोलितं नि बाण सोडत सुटलेल्या वेड्याच्या. म्हणजे "गंमत होती" हे कारण तीन हजार वर्षं जुनं नसेल पण लई जुनं आहे आणि ते तेव्हाही कुणाला पटलं नव्हतं.

आता मी काही सोवळा माणूस नाही. कोल्हापुरात जन्मलो, इथं माया असली तरी शिव्या घालूनच बोलतात, मित्र भेटला की पहिली पाच मिनिटं खेचाखेचीतच जातात, मिसळीच्या टेबलावर ज्याची खेचली नाही तो माणूस आपला नाही असं समजायचं. पण त्या टेबलावर समोरचा पण आपली खेचू शकतो की. तो पण हसत असतो, उलट दोन शब्द जास्तीच लावतो. या प्रचारक काकांकडं बटणाचा फोन आहे. ते तुझ्यावर काय रील करणार? त्यांना हे बघायला पण मिळणार नाही, फक्त पुढच्या वेळी ते आले की पोरं आधीच खिदळायला लागतील आणि त्यांना कळणारच नाही का ते. मला यात खटकतंय ते हे, बाकी नक्कल करणं वगैरे ठीक आहे.

आणि तुला हे कळत नाही असं पण नाही. दिवाळीत आलास तेव्हा तूच सांगत होतास की हॉस्टेलवर तुला नावानं कोण हाकच मारत नाही, "ए हालेलुया" म्हणतात, आणि तू "काय करायलाईस" म्हणालास की ती पुण्याची पोरं तेच वाक्य नाकातनं काढून दाखवतात. आईला वाईट वाटेल म्हणून तू हसत हसत सांगितलंस, पण जेवण अर्धं टाकून उठलास ते मी बघितलं. आता गंमत बघ, तुझ्या बोलीवर हसणाऱ्यांचा तुला एवढा राग, आणि तू काय केलंस तर तुझ्यापेक्षा जास्त गावंढळ बोलणारा एक माणूस शोधलास. मार खाल्लेलं पोरगं आपल्यापेक्षा बारकं पोरगं हुडकतं तसं झालं हे.

बोलीचा विषय निघालाच आहे तर प्रभूच्या शिष्याचं, पेत्राचं बघ. प्रभूला पकडलं त्या रात्री महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात तो शेकोटीजवळ मी त्याला ओळखतच नाही म्हणत होता तेव्हा लोक काय म्हणाले, तू त्यांच्यातलाच आहेस, तुझ्या बोलण्यावरनंच कळतंय. मत्तय २६ चं ७३. गालीलची माणसं यरुशलेमात तोंड उघडलं की ओळखू यायची. पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्य परक्या भाषांत बोलायला लागले तेव्हा पण गर्दीला आश्चर्य कशाचं, तर हे सगळे गालीलकरच ना, आणि त्यातल्याच काहींनी लगेच टवाळी केली की दारू पिऊन आलेत. पुढं यहूदी पुढाऱ्यांच्या सभेपुढं पेत्र आणि योहान उभे राहिले तेव्हा त्या शिकलेल्या लोकांनी पहिली नोंद काय घेतली, ही निरक्षर, साधी माणसं आहेत. प्रभूच्या गावाबद्दल तर नथनेल सरळच बोलला, नासरेथातनं काही चांगलं निघू शकतं का? त्याला बोलवायला आलेल्या फिलिप्पानं वाद घातला नाही, म्हणाला येऊन बघ. म्हणजे आपण ज्यांची वचनं पाठ करतो ती माणसं तुझ्या रीलमधल्या माणसासारखीच बोलत होती रे, आपल्याला ती छापील मराठीत भेटली म्हणून ती आपल्याला सुशिक्षित वाटतात. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, त्यांचं पहिल्या वर्षाचं मराठी कसं असेल याचा जरा विचार कर, तेव्हा नक्कल करणारं कुणी नसेल असं मला वाटत नाही.

स्तोत्रसंहितेचं पहिलंच स्तोत्र तुला लहानपणी पाठ होतं, ख्रिसमसच्या कार्यक्रमात घडाघडा म्हणला होतास. त्यात माणूस आधी चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, आणि बसतो कुठं तर निंदकांच्या बैठकीत. मला ती बैठक कायम आपल्या कट्ट्यासारखी दिसते. चालणारा माणूस वळू शकतो, उभा असलेला निघू शकतो, पण एकदा बूड टेकलं, चहा आला, चार जण आपल्या बोलण्यावर हसायला लागले की उठवत नाही. नीतिसूत्रं वाचताना मला नेहमी वाटतं की त्या पुस्तकाला भोळ्या माणसाची काळजी आहे, मूर्खाला पण ते परत परत समजावतं, पण निंदकाबद्दल बोलताना एकदम हात टेकल्यासारखं बोलतं. त्याला बोध करायला जाऊ नको, तो तुझाच द्वेष करेल, शहाण्याला बोल, तो तुझ्यावर माया करेल (९ वा अध्याय). निंदकाला शिक्षा झाली की शहाणा होतो तो बघणारा भोळा, निंदक स्वतः नाही. का तर ज्याला सगळंच हसण्यासारखं दिसतं त्याला कुणापुढं बसून शिकताच येत नाही. मला तुझ्याबद्दल भीती वाटते ती ही, लोक काय म्हणतील ही नाही. आणि १७ व्या अध्यायात एक वचन आहे, गरिबाची थट्टा करणारा त्याच्या निर्माणकर्त्याचा अपमान करतो. ते मी तुला फोनवर म्हणून दाखवणार होतो पण जमलं नसतं.

आता तू एलीया संदेष्टा काढणार, मला माहीत आहे, संडेस्कूलमधे तुझं आवडतं. कर्मेल डोंगरावर एलीयानं बआलच्या संदेष्ट्यांची टर उडवली, जोरात ओरडा, तुमचा देव झोपला असेल, प्रवासाला गेला असेल. बरोबर आहे. प्रभूनं पण शास्त्री परूश्यांना चिलट गाळून उंट गिळणारे म्हणलंय, ते काय कमी झणझणीत नाही. पण समोर कोण होतं ते बघ की. तिकडं ४५० जण, पाठीशी ईजबेल राणी, जिनं संदेष्टे मारून टाकले होते, आणि हा एकटा. इकडं लोकांच्या डोक्यावर ओझी ठेवणारे धर्मपुढारी. दोघांनी पण जे तोंडावर बोलायचं ते तोंडावर बोलले आणि त्याची किंमत मोजली, एलीया तर पुढच्याच अध्यायात झुडपाखाली बसून मरण मागतोय. तुला टर उडवायचीच हौस असेल तर लोकांच्या दुखण्यावर पैसे उकळणारे, कोट घालून स्टेजवर फिरणारे जे आहेत त्यांची उडव, आणि नाव घेऊन, समोर उभं राहून उडव. मी पहिला लाइक करतो. एसटीनं येऊन सीपीआर हॉस्पिटलला अनोळखी पेशंटजवळ बसणाऱ्या माणसाची नको. (अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणणाऱ्या ४२ पोरांना फाडणारी अस्वलं मात्र काढू नकोस, त्या गोष्टीवर मी आणि पाळकसाहेब अजून भांडतो.)

आणखी एक, हे आईकडनं कळलं. तुला "हालेलुया" म्हणणाऱ्या रूममेटला तू आरतीची नक्कल करून दाखवतोस म्हणे, फिटंफाट. अभ्या, हे तर अजिबात नको. आपण अंबाबाईच्या गावात राहतो, नवरात्रात महाद्वार रोडनं गर्दीतनं वाट काढत तुला खांद्यावर घेऊन मी घरी आणलंय, शेजारच्या काकू दर नाताळला आपल्याकडं करंज्या लाटायला बसतात. आपली श्रद्धा वेगळी आहे आणि ती आपण लपवत नाही. पण इफिसचा प्रसंग वाच, प्रेषितांची कृत्ये १९. अर्तमी देवीवरनं अख्खं शहर पेटलं, नाट्यगृहात दोन तास घोषणा चालल्या, आणि शेवटी तिथल्या शहराच्या चिटणिसानं, जो काही ख्रिस्ती नव्हता, लोकांना सांगितलं की या माणसांनी ना देवळं लुटलीत ना आपल्या देवीची निंदा केलीय. प्रेषित पौलाच्या माणसांना हे सर्टिफिकेट समोरच्या बाजूनं मिळालं. त्यानं तिथं दोनेक वर्षं शिकवलं होतं, मूर्ती देव नाहीत असं तो उघड म्हणायचा, तरी हे मिळालं. तुझ्या रूममेटला उद्या कुणी विचारलं तर तो तुझ्याबद्दल असं म्हणेल का?

प्रभूची थट्टा कशी झाली हे दर गुड फ्रायडेला ऐकतोस म्हणून फार लिहीत नाही. फक्त एवढं बघ की शिपायांनी जे केलं ती नक्कलच होती. झगा घातला, हातात राजदंड म्हणून वेत दिला, काट्यांचा मुकुट, आणि गुडघे टेकून राजाला करतात तसा मुजरा. त्यातल्या कुणाचं प्रभूशी वैयक्तिक भांडण नव्हतं. ड्युटीवर होते, वेळ घालवत होते.

आणि तुला चिडवतात त्याचं काय, हे पण लिहितो, नाहीतर म्हणशील पप्पा मलाच बोलले. रोममधे पॅलाटाइन टेकडीवर १८५७ ला एका जुन्या वास्तूच्या भिंतीवर ओरखडून काढलेलं एक चित्र सापडलं, साधारण इसवी सन २०० च्या आसपासचं. वधस्तंभावर एक माणूस, त्याला डोकं गाढवाचं, खाली हात वर करून उभा असलेला एक तरुण, आणि ग्रीकमधे लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतोय. म्हणजे तुमच्या हॉस्टेलच्या भिंतीवर असतं तसलंच. त्याच वास्तूच्या दुसऱ्या खोलीत नंतर आणखी दोन शब्द सापडले, लॅटिनमधे, अलेक्सामेनोस फिडेलिस, म्हणजे विश्वासू अलेक्सामेनोस. बस्स, एवढंच. कुणाचं दुसरं गाढव काढलेलं नाही. आपल्याकडं पण बाबा पदमनजींनी १८५४ ला बेळगावात बाप्तिस्मा घेतला, नारायण वामन टिळकांनी १८९५ ला, "बाटगा" हा शब्द तेव्हापासनं घराघरांत ऐकून झालाय, तू पहिला नाहीस.

पण नेहमी गप्पच बसायचं असं मी म्हणत नाही. प्यायलेत म्हणल्यावर पेत्र चिडला नाही, म्हणाला अहो आत्ता सकाळचे नऊ वाजलेत, आणि लगेच मुद्द्यावर आला. हे मला लई आवडतं. तुला पण कुणी "हालेलुया" म्हणलं तर "आमेन म्हण की मग" म्हणायचं आणि पुढं चालायचं. यरुशलेमची भिंत बांधणाऱ्या नहेम्याला सनबल्लट आणि तोबीया चिडवत होते की या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती पडेल, त्यानं त्यांना उत्तर दिलं नाही, देवाजवळ मात्र चांगलं कडक गाऱ्हाणं घातलं (वाच, आपल्याला प्रार्थनेत असं बोलायला धीर होत नाही) आणि ५२ दिवसांत भिंत उभी केली. आणि हात उचलला, सामान फेकलं, असं काही झालं तर प्रभूनं चापट मारणाऱ्याला विचारलं तसं सरळ विचारायचं, मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नाहीतर मला का मारतोस. योहान १८. मग वॉर्डनकडं जायचं, मला फोन करायचा, मी कोल्हापूरहून सकाळच्या गाडीनं येतो.

तर रील काढून टाक. "सॉरी इफ एनीवन हर्ट" असली स्टोरी टाकत बसू नकोस, त्यानं अजून चार जण बघतात. ग्रुपवर मी बोललोय, ज्यांनी सेव्ह केलंय त्यांना डिलीट करा म्हणलंय, दोघांनी नाही केलं, त्यांच्या बापांशी रविवारी उपासनेनंतर बोलतो. काकांना आपणहून काही सांगायचं का नाही ते तू ठरव. मला विचारशील तर त्यांना माहीत नसलेलं दुःख आपण का नेऊन द्यायचं, पण त्यांच्या कानावर गेलंय असं कळलं तर दुसऱ्या कुणाकडनं निरोप पाठवायचा नाही, तूच फोन लावायचा. नंबर आईकडं आहे. सकाळी सातच्या आत लाव, नंतर ते रानात असतात आणि रेंज नसते.

आईनं कांदा लसूण चटणी आणि दाण्याचे लाडू दिलेत, आज रात्रीच्या गाडीनं पाठवतोय, पहाटे स्वारगेटला उतरवून घे, ड्रायव्हरचा नंबर वेगळा पाठवतो. लाडू रूममेटला पण दे, मोजून दिलेत तिनं.

पप्पा