पैसा सरकारचा असू दे, निकाल सरकारचा नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साहित्य पुरस्कारांवर लेख आला होता तो वाचला, चांगला होता, पण त्यातला शेवटचा मुद्दा काही केल्या पटेना म्हणून हे पत्र. सरकारनं साहित्यात पैसा घालूच नये, पुरस्कार द्यायचं काम प्रकाशक आणि खाजगी संस्थांनी करावं, सरकारी पुरस्कार घेतला की लेखक ताटाखालचं मांजर झालाच, असा एकूण सूर होता. चिड समजू शकतो. डिसेंबर 2022 मध्ये आपल्याच राज्यात अनुवादाचा जाहीर झालेला पुरस्कार जीआर काढून रद्द केला, निवड समितीच बरखास्त केली, मग कुणी राजीनामे दिले, कुणी स्वतःला मिळालेले पुरस्कार परत केले, हे सगळ्यांच्या डोळ्यासमोर घडलंय. पण म्हणून पुरस्कारच नकोत हे मला मान्य नाही. मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवतो, त्या भाषेतल्या कादंबऱ्या वाचणं हा माझा रोजचा उद्योग आहे, आणि तिकडचा जो सगळ्यात मानाचा कादंबरी पुरस्कार बरीच वर्षं समजला गेला तो पूर्ण सरकारी पैशाचा होता, व्हेनेझुएला सरकारचा. त्याची गोष्ट आपल्या वाचकांना माहीत असायला हवी असं मनापासून वाटतं.

पुरस्काराचं नाव रोमुलो गायेगोस. आता हे गायेगोस कोण, तर शाळामास्तर आणि कादंबरीकार. 1929 मध्ये त्यांची 'दोन्या बार्बारा' ही कादंबरी आली, व्हेनेझुएलाच्या गवताळ मैदानांतली गुरंढोरं, जमिनीची भांडणं आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी एक जमीनदारीण असा विषय, आणि ती एवढी गाजली की तिथला हुकूमशहा हुआन विसेन्ते गोमेस यानं त्यांना सिनेटर करायचं ठरवलं. गायेगोसनी ती खुर्ची न घेता 1931 मध्ये देशच सोडला. पुढे दिवस पालटले, डिसेंबर 1947 च्या निवडणुकीत लोकांनी त्यांना प्रचंड मतांनी राष्ट्राध्यक्ष केलं, फेब्रुवारी 1948 मध्ये शपथ झाली आणि नोव्हेंबरमध्ये लष्करानं त्यांना खाली खेचलं. जेमतेम नऊ महिने. मग पुन्हा परदेशात, क्युबा, मेक्सिको, ते 1958 मध्ये लष्करी राजवट गेल्यावर परत आले. अशा माणसाच्या नावानं 1964 मध्ये राष्ट्राध्यक्ष राउल लेओनी यांनी हुकूम काढून हा पुरस्कार सुरू केला. सुरुवातीला दर पाच वर्षांनी, मागच्या पाच वर्षांत छापून आलेल्या स्पॅनिश कादंबऱ्यांमधून एक निवडायची आणि एक लाख बोलिव्हार द्यायचे. 1987 नंतर दर दोन वर्षांनी झाला, आधी तो लॅटिन अमेरिकेपुरता होता, नंतर स्पेनच्या लेखकांनाही खुला केला, रक्कम वाढत एक लाख डॉलरपर्यंत गेली.

आता खरी गंमत बघा पहिल्याच पुरस्काराच्या वेळी काय झालं. ऑगस्ट 1967, व्हेनेझुएलाची राजधानी कराकस. शहराला चारशे वर्षं झाली म्हणून जुलैत सोहळे चालू होते आणि 29 जुलैला मोठा भूकंप झाला, इमारती कोसळल्या, माणसं गेली, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत हा समारंभ. पुरस्कार मिळाला पेरूच्या मारिओ वार्गास योसा यांना, वय 31, कादंबरी 'ला कासा वेर्दे'. 83 वर्षांचे गायेगोस स्वतः हजर. आणि हा तरुण भाषणाला उभा राहून सुरुवात कुणाच्या नावानं करतो तर कार्लोस ओकेन्दो दे आमात या पेरूच्या विसरल्या गेलेल्या कवीच्या. या कवीचं आयुष्यभरात एकच पुस्तक, 1927 चं, 'पाच मीटर कविता', आणि ते खरंच एका लांबच लांब कागदाच्या घड्या घालून केलेलं, उघडायला लागलं की पट्टी उलगडत जाते, पानं अशी उलटायची नाहीतच. हा कवी गरिबीत, आजारपणात 1936 मध्ये स्पेनमध्ये वारला. योसांचं म्हणणं असं की आज मला इथं मान मिळतोय पण आपल्या देशांनी असे किती लेखक उपाशी मारलेत, वेड्यात काढलेत ते आधी आठवा. मग पुढे ते म्हणाले की साहित्य म्हणजे आग आहे, लेखकाचं कामच मुळी विरोध करणं आणि प्रश्न विचारणं आहे, समाज त्याला पुरस्कार देऊन गप्प बसवू शकत नाही. एवढ्यावर थांबले असते तरी खूप झालं असतं, पण त्यांनी पुढे असंही सांगितलं की क्युबात जसा सामाजिक न्याय आलाय तसा तो उद्या आपल्या सगळ्या देशांत येईल.

हे कुठं बोलले ते लक्षात घ्या. व्हेनेझुएलानं क्युबाशी संबंध 1961 मध्येच तोडले होते, तिथलं सरकार डाव्या गनिमांशी लढत होतं, आणि अगदी तीन महिन्यांपूर्वी, मे 1967 मध्ये, क्युबातून आलेली सशस्त्र माणसं माचुरुकुतोच्या किनाऱ्यावर उतरली होती. म्हणजे यजमानांच्या शत्रूचं कौतुक यजमानांच्याच मंचावर, त्यांचाच चेक खिशात असताना. कुणी माइक बंद केला नाही, पुरस्कार परत मागितला नाही, परीक्षकांना घरी पाठवलं नाही. आणि योसा क्युबाचे हस्तक होते असंही नाही. ते स्वतः सांगायचे की समारंभाआधी क्युबाकडून निरोप आला होता, पुरस्काराची रक्कम चे गेव्हाराच्या लढ्याला जाहीरपणे देऊन टाका, आम्ही ती तुम्हाला गुपचूप भरून देऊ. त्यांनी साफ नाही म्हटलं. चारच वर्षांनी, 1971 मध्ये, एका कवीला तिथं अटक झाली तेव्हा ते क्युबाच्या विरोधात उभे राहिले आणि पुढे तर पूर्ण दुसऱ्या टोकाला गेले. त्यांची मतं मला सगळी पटतात असं नाही, पण पैसा कुठूनही आला तरी माणूस आपलं तेच बोलत राहिला.

दुसरा पुरस्कार 1972 चा, गाब्रिएल गार्सिया मार्केझ, कादंबरी जगाला माहीत असलेली 'सिएन आन्योस दे सोलेदाद', म्हणजे 'एकाकीपणाची शंभर वर्षं'. समारंभात ते म्हणाले की आयुष्यात दोन गोष्टी कधी करायच्या नाहीत असं ठरवलं होतं, पुरस्कार घेणं आणि भाषण देणं, आणि आज दोन्ही करतोय. आणि मग सगळी रक्कम त्यांनी मास नावाच्या पक्षाला देऊन टाकली. हा पक्ष वर्षभरापूर्वीच कम्युनिस्ट पक्षातून फुटून निघालेला, त्याचे एक प्रमुख नेते तेओदोरो पेत्कोफ, जे आधी गनिमी लढ्यात होते आणि 1967 मध्ये कराकसच्या सान कार्लोस तुरुंगातून भुयारातून पळाले होते. म्हणजे सरकारनं दिलेला पैसा, सरकारच्या तुरुंगातून पळालेल्या माणसाच्या पक्षाला! आपल्याकडे असं झालं तर टीव्हीवर आठवडाभर काय चालेल याची कल्पना करा. तिथं आरडाओरडा झालाच असणार, पण पुरस्कार चालू राहिला, आणि 1977 मध्ये कार्लोस फुएन्तेस, 1982 मध्ये फेर्नान्दो देल पासो अशी नावं येत गेली.

लेखात म्हटलंय की सरकारी पुरस्कार आपल्याच माणसांना वाटले जातात. इथं उलट आहे. 1967 पासून 2020 पर्यंत वीस कादंबऱ्यांना हा पुरस्कार मिळाला, त्यात व्हेनेझुएलाचा लेखक फक्त एक, 1991 मध्ये आर्तुरो उस्लार पिएत्री. कोलंबियाचे पाच, मेक्सिकोचे चार, अर्जेंटिनाचे चार, स्पेनचे तीन. 2013 मध्ये एदुआर्दो लालो यांना मिळाला, ते प्वेर्तो रिकोचे, ज्या बेटाला धड स्वतःचा देश म्हणून जगात उभं राहता येत नाही. आपल्या तेलाच्या पैशातून शेजाऱ्यांच्या लेखकांना मोठं करायचं आणि बदल्यात काही मागायचं नाही याला मोठं मन लागतं. एका बाबतीत मात्र हा पुरस्कार कमीच पडला, बायकांच्या. पहिली बाई यायला तीस वर्षं लागली, 1997, मेक्सिकोच्या आंखेलेस मास्त्रेत्ता, आणि 2020 पर्यंत एकूण तीनच. लॅटिन अमेरिकेत बायका लिहीत नव्हत्या असं कुणी म्हणणार नाही, तेव्हा ही चूक परीक्षकांच्या नजरेची आहे आणि ती सांगायलाच हवी.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता क्षण 1999 चा. रोबेर्तो बोलान्यो, चिलीत जन्मलेले, मेक्सिकोत वाढलेले, स्पेनमध्ये किनाऱ्यावरच्या कॅम्पिंगच्या मैदानात रात्रपाळीचा वॉचमन म्हणून काम केलेले, अशी पोटापाण्याची कामं करत करत लिहिणारे. त्यांच्या 'लोस देतेक्तिवेस साल्वाखेस'ला पुरस्कार मिळाला आणि कराकसच्या भाषणात त्यांनी सांगितलं की मी जे काही लिहिलंय ते बरंचसं माझ्या पिढीला लिहिलेलं प्रेमपत्र किंवा निरोपाचं पत्र आहे, 1950 च्या दशकात जन्मलेल्या त्या पोरांना, ज्यांनी आपलं तारुण्य एका ध्येयासाठी देऊन टाकलं आणि ज्यांची हाडं आता सगळ्या लॅटिन अमेरिकेत पुरलेली आहेत. मी हे भाषण विद्यार्थ्यांना दर वर्षी वाचून दाखवतो. चारच वर्षांत, 2003 मध्ये, बोलान्यो गेले, पन्नाशी गाठता गाठता. त्याच वर्षीचा पुरस्कार कोलंबियाच्या फेर्नान्दो वायेखो यांना होता आणि त्यांनी ते एक लाख डॉलर कराकसमधल्या भटक्या कुत्र्यांसाठी देऊन टाकले. ज्याला जे करायचं ते त्यानं केलं.

आता खाजगी पुरस्कारांचं बघू. स्पेनमध्ये प्लानेता म्हणून मोठी प्रकाशनसंस्था आहे, तिचा पुरस्कार 1952 पासून आहे आणि 2021 पासून त्याची रक्कम दहा लाख युरो. पैशात रोमुलो गायेगोस त्याच्या जवळपासही नाही. पण तो पुरस्कार हस्तलिखिताला असतो आणि जिंकलेली कादंबरी तीच संस्था छापून विकणार असते, त्यामुळे पुस्तक किती खपेल हा प्रश्न परीक्षकांच्या टेबलावर आपोआप येऊन बसतो. 2005 मध्ये परीक्षक हुआन मार्से यांनी, जे स्वतः 1978 चे विजेते, आलेल्या कादंबऱ्यांचा दर्जा कमी आहे असं पत्रकारांसमोर बोलून दाखवलं आणि नंतर ज्युरीतून बाहेर पडले. या पुरस्कारानंही चांगली पुस्तकं दिलीत, नाही असं नाही, पण प्रकाशकाकडे सगळं सोपवलं की लेखक मोकळा होतो हे काही खरं नाही, तिथं बाजार मालक होतो एवढंच.

आणि हो, रोमुलो गायेगोसची पडझडही लपवायचं कारण नाही. राष्ट्राध्यक्ष ऊगो चावेझांच्या काळात परीक्षक कसे निवडले जातात यावर व्हेनेझुएलातलेच लेखक शंका घ्यायला लागले, निकालाकडे लोक राजकारणाच्या चष्म्यातून बघायला लागले, आणि ज्या पुरस्काराचं नाव काढलं की सगळे मान द्यायचे त्याच्याभोवती दोन तट पडले. मग तेलाचे भाव कोसळले, महागाईनं देश पिळून निघाला, आणि 2015 मध्ये पाब्लो मोन्तोया यांना पुरस्कार मिळाल्यावर 2017 चा झालाच नाही, तिजोरीत पैसे नव्हते. 2020 मध्ये अर्जेंटिनाच्या पेर्ला सुएस यांना मिळाला, पातागोनियात सैनिकांचा पाठलाग करणाऱ्या मापुचे या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचं रक्त असलेल्या एका मुलीची ती कादंबरी, वाचण्यासारखी आहे, पण बातमी किती जणांपर्यंत पोचली? ज्या देशात लोक औषधासाठी वणवण करतायत तिथं कादंबरीच्या पुरस्काराला पैसे द्या असं मी म्हणणार नाही. पण हा निधी सुरुवातीपासून सरकारच्या वार्षिक मर्जीवर न ठेवता वेगळा बांधून ठेवला असता, आणि परीक्षक नेमायचं काम सत्तेतल्या माणसांपासून लांब ठेवलं असतं, तर इतकी वाईट वेळ आली नसती असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून सरकारनं हात काढून घ्यावा असं लिहिण्यापेक्षा हात कुठपर्यंत असावा ते आपण लिहायला हवं. आपल्या राज्य पुरस्कारांसाठी नियमात एवढं एक वाक्य हवं की परीक्षकांनी दिलेला निकाल जाहीर झाला की तो फिरवायचा अधिकार कुणालाही नाही, मंत्र्यालाही नाही आणि सचिवालाही नाही. रक्कम ठेवीत टाका, व्याजातून द्या, म्हणजे बजेटमध्ये कुणी हात आखडता घेतला तरी पुरस्कार अडणार नाही. परीक्षकांची नावं आधी सांगा आणि त्यांनी ते पुस्तक का निवडलं हे त्यांच्या सहीनं छापा. अनुवादकांसाठी तर हे फारच गरजेचं आहे, कारण मूळ लेखकाच्या मतांची शिक्षा अनुवादकाला भोगायला लागते हे आपण पाहिलंय, आणि स्पॅनिशमधून थेट मराठीत आणायला हवीत अशी इतकी पुस्तकं पडून आहेत की माझे विद्यार्थी ते काम करायला तयार आहेत, त्यांना फक्त भीती नको.

आपल्या पेपरकडून एक मागणं आहे. पुढच्या वेळी राज्य पुरस्कार जाहीर होतील तेव्हा नुसती विजेत्यांची यादी न छापता परीक्षक कोण होते, त्यांना कुणी नेमलं आणि त्यांचं म्हणणं काय होतं ते विचारून छापा, आणि उत्तर मिळालं नाही तर तसं छापा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे